नागपूरहून श्रीलंकेच्या जंगलात: सफारी कोणत्या क्रमाने आखायची

श्रीलंकेहून परतलेल्या नागपूरकरांची एक तक्रार ठरलेली असते: "सफारीला गेलो, पण जीपांच्या गर्दीशिवाय काही दिसलं नाही." आखणी कशी केली होती ते विचारलं की घोळ लगेच सापडतो. आधी विमानाची तिकिटं काढली, मग कँडी, एला, बेंटोटाची हॉटेलं ठरवली आणि शेवटी उरलेल्या अर्ध्या दिवसात सफारी कोंबली. त्यात डोक्यात हिशोब ताडोबा-पेंचचा. गेट ठरलेलं, जिप्सी नोंदणीकृत, गाईड सोबत असणारच, आपण फक्त वेळेवर पोचायचं. श्रीलंकेत यातलं बरंच काही आपल्यावर सोडलेलं असतं. महिना, पार्क, मुक्काम, जीप आणि ड्रायव्हर आपणच निवडायचे, आणि याच क्रमाने निवडायचे. क्रम चुकला की पुढे कितीही पैसे ओतले तरी ती चूक भरून निघत नाही.

टप्पा १: आधी महिना ठरवा

श्रीलंकेत पाऊस दोन वेळा आणि दोन बाजूंनी येतो. मे ते सप्टेंबर हा नैर्ऋत्य मोसमी पाऊस कोलंबो, गॉल, सिंहराजा आणि मध्य डोंगरांच्या पश्चिम उतारावर पडतो. त्याच वेळी उत्तर, पूर्व आणि आग्नेय भाग कोरडा असतो, आणि मोठी जंगलं नेमकी याच कोरड्या भागात आहेत. डिसेंबर ते फेब्रुवारीत ईशान्य पाऊस या कोरड्या भागाला भिजवतो. मधल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जवळपास सगळीकडे दुपारनंतर धो-धो सरी येतात.

आता हे आपल्या सुट्ट्यांशी जुळवा.

मे-जून, म्हणजे विदर्भातल्या शाळांची सुट्टी. प्राण्यांसाठी हा काळ उत्तम. याला आणि विल्पत्तू या राष्ट्रीय उद्यानांत पाणी आटत आलेलं असतं, त्यामुळे जनावरं पाणवठ्यावर येतात. शिवाय पालूची फळं पिकतात. पालू म्हणजे आपली खिरणी. अस्वलं ती खायला झाडावर चढतात, आणि दिवसाउजेडी अस्वल दिसायची सगळ्यात जास्त शक्यता याच दिवसांत असते.

जुलै ते सप्टेंबर. आपल्याकडे ताडोबा-पेंचचे कोअर भाग पावसामुळे बंद असतात, तेव्हा मिन्नेरिया उद्यानातल्या तलावाकाठी हत्ती जमत असतात. पावसाळ्यात जंगल नाही म्हणून चुकचुकणाऱ्यांनी हा काळ हेरून ठेवावा. एक मात्र लक्षात असू द्या. यालाचा मुख्य भाग, म्हणजे ब्लॉक १, बहुतेक वर्षी सप्टेंबरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत दुष्काळामुळे बंद ठेवतात.

दिवाळीची सुट्टी. आपले सगळ्यात जास्त लोक याच वेळी जातात आणि जंगलासाठी हाच काळ सगळ्यात अडचणीचा. सगळीकडे पाणी झालेलं असतं, गवत वाढलेलं असतं, जनावरं पांगलेली असतात. दिवाळीतच जायचं असेल तर उडवालावे हे उद्यान धरा. तिथे हत्ती बाराही महिने दिसतात.

नाताळ ते मार्च. डिसेंबर-जानेवारीत याला ओलं असतं आणि गर्दीही भरपूर. फेब्रुवारीपासून परिस्थिती सुधारते. हॉर्टन प्लेन्स या डोंगरातल्या उद्यानासाठी जानेवारी ते मार्च चांगला. मिरिस्साहून निळे देवमासे बघायला बोटीने जायचं असेल तर साधारण डिसेंबर ते एप्रिल. पावसाळ्यात तिथला समुद्र खवळलेला असतो.

*तपासा:* भिंतीवरच्या कॅलेंडरात पौर्णिमा कधी आहे ते बघा. श्रीलंकेत दर पौर्णिमेला 'पोया'ची सार्वजनिक सुट्टी असते. ती शनिवार-रविवारला जोडून आली की याला पार्कच्या दारात जीपांची रांग लागते. १३-१४ एप्रिलच्या त्यांच्या नववर्षाचे दिवसही टाळा.

टप्पा २: मग पार्क, आणि एका सहलीत दोनच

श्रीलंकेत वाघ नाही. रानकुत्रे, तरस, नीलगाय यांपैकीही काही नाही. बिबट्या, अस्वल, हत्ती, रानम्हैस, सांबर, चितळ, मगर आणि अफाट पक्षी, ही तिथली संपत्ती. यांतलं काय बघायचंय ते घरीच ठरवा, कारण एका पार्कात सगळं सारखं दिसत नाही.

याला बिबट्यासाठी प्रसिद्ध आहे, ब्लॉक १ तर खासच. समुद्राला लागून झुडपी रान, त्यातून वर आलेले मोठाले गोल खडक, खाऱ्या पाण्याच्या उथळ खाड्या. गर्दीही सगळ्यात जास्त इथेच.

विल्पत्तू हे तिथलं सर्वांत मोठं राष्ट्रीय उद्यान, सुमारे १,३०० चौरस किलोमीटर. घनदाट जंगलात 'विल्लू' नावाची नैसर्गिक तळी आहेत, काठाला पांढरी वाळू. बिबट्या आणि अस्वल दोन्ही आहेत, जीपा तुलनेने कमी. ताडोबात मोहर्लीच्या गर्दीला कंटाळून जे आडबाजूचं गेट शोधतात, त्यांना मी डोळे झाकून विल्पत्तू सुचवेन. पण इथे धीर लागतो. दोन तास नुसता रस्ता आणि झाडंच दिसली तर वैतागणाऱ्यांनी जाऊ नये.

मिन्नेरिया आणि कौदुल्ला हे हबरणा गावाजवळचे शेजारी. मिन्नेरियाचा तलाव तिसऱ्या शतकात महासेन राजाने बांधला. कोरड्या दिवसांत पाणी मागे सरकतं, त्या ओल्या पट्ट्यात कोवळं गवत उगवतं आणि त्यासाठी कळपच्या कळप उतरतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कधी दोन-तीनशे हत्ती एका नजरेत मावतात. पण हे सगळं पाण्याच्या पातळीवर ठरतं. तलाव भरलेला असेल तर गवत नाही आणि हत्तीही नाहीत. मग ते कौदुल्लाला किंवा हुरुलूच्या रानात सरकतात.

उडवालावे म्हणजे धरणाकाठचं मोकळं गवताळ रान. लहान मुलं आणि आजी-आजोबा सोबत असतील तर हेच निवडा. दोन-तीन तासांत हत्ती दिसतात, त्यासाठी दिवसभर हाडं खिळखिळी करून घ्यावी लागत नाहीत. शेजारीच १९९५ पासून अनाथ पिल्लांचं केंद्र आहे. तिथे पिल्लांना दूध पाजताना लांबून बघता येतं, हात लावता येत नाही. मोठी झाली की त्यांना रानात सोडतात, म्हणून माणसांची सवय लागू देत नाहीत.

पक्ष्यांसाठी बुंदला आणि सिंहराजा. सिंहराजा हे पायी फिरायचं वर्षावन आहे. तिथे जळवा लागतातच, तेव्हा जळूचे मोजे घेऊन जा.

*थांबा:* हबरणातली हत्तीवरची सवारी किंवा पिन्नवलाचा हत्तीगोठा ही सफारी नव्हे. सहलीच्या पॅकेजमध्ये 'एलिफंट' शब्द दिसला म्हणून रानातला हत्ती धरून चालू नका. नेमकं ठिकाण विचारा.

एका आठवड्यात तीन-चार पार्क करण्यापेक्षा दोन पार्क निवडा आणि प्रत्येकात दोन फेऱ्या मारा. ताडोबात एकाच सफारीत वाघ दिसेलच असं आपण मानत नाही. तोच नियम इथेही लागू आहे. पहिल्या फेरीत रान कळतं, दुसऱ्या फेरीत दिसायला लागतं.

टप्पा ३: मुक्काम गेटाजवळ

नागपूरहून कोलंबोला थेट विमान नाही. चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद किंवा मुंबईमार्गे जावं लागतं. विमानतळ कोलंबो शहरात नसून उत्तरेला कटुनायकेला आहे. विल्पत्तू किंवा हबरणाला जायचं असेल तर शहरात शिरायचं कारणच नाही. विमान रात्री उतरत असेल तर शेजारच्या नेगोंबोत झोपा आणि सकाळी परस्पर निघा.

मुक्कामाची गावं अशी: यालासाठी तिस्समहाराम (थोडक्यात तिस्स), विल्पत्तूसाठी अनुराधपुराच्या पश्चिमेला हुनुविलगम गेटाजवळ, मिन्नेरिया-कौदुल्लासाठी हबरणा किंवा सिगिरिया, हॉर्टन प्लेन्ससाठी नुवारा एलिया. उडवालावेला गेटाजवळच भरपूर साधी घरगुती गेस्टहाऊस आहेत.

इथे एक चूक वारंवार होते. एलाला राहून यालाची सकाळची सफारी. नकाशावर अंतर कमी वाटतं, पण डोंगर उतरून यायला अडीच-तीन तास लागतात. म्हणजे रात्री अडीचला मुलांना उठवायचं, आणि गेटात शिरेपर्यंत ती पेंगलेली. आदल्या रात्री तिस्सला पोचा. बेंटोटा-मिरिस्साच्या समुद्राकाठाहून 'एका दिवसात याला' विकतात, त्याचंही असंच.

सहा-सात रात्री हातात असतील तर एक जमणारी आखणी सांगतो. पहिल्या दोन रात्री हबरणा, मग डोंगरात एक-दोन, त्यानंतर तिस्सला दोन, शेवटची उडवालावेला, आणि तिथून दक्षिणेच्या द्रुतगती मार्गाने विमानतळ. पावसाळी सुट्टीत ही आखणी चालते. मे महिन्यात हबरणाच्या जागी विल्पत्तू घाला.

टप्पा ४: जीप आणि ड्रायव्हर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आपल्याकडे गेटावर जी जिप्सी वाट्याला येते तिच्यात बसायचं, एवढंच आपल्या हाती असतं. श्रीलंकेत जीप खासगी असते आणि आपण ठरवून आणायची असते. बऱ्याचदा गाडी चालवणारा, जनावर शोधणारा आणि माहिती देणारा असा सगळा भार एकाच माणसावर असतो. तो चांगला निघाला तर बिबट्या दिसला नाही तरी फेरी वसूल होते. तो घाईचा असेल तर मात्र बिबट्या दिसूनही चार सेकंदांची शेपटी एवढंच पदरात पडतं.

यालात गर्दी कशी होते ते आधी समजून घ्या. एका ड्रायव्हरला बिबट्या दिसतो, तो फोन करतो, आणि मग सगळ्या जीपा धूळ उडवत तिकडे सुटतात. अरुंद रस्त्यावर वीस-तीस गाड्या अडकतात, जनावर झुडपात निघून जातं, आणि नंतर आलेले तासभर इंजिनांचा धूर खात बसतात. उमरेड-कऱ्हांडल्यात २०२४ च्या अखेरीस वाघीण आणि तिच्या बछड्यांना गाड्यांनी घेरल्याची बातमी नागपुरात घराघरांत वाचली गेली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. तो प्रकार पाहून ज्यांना राग आला, त्यांनी परदेशात तशाच घोळक्यात आपली जीप घुसवायला सांगू नये.

जीप ठरवताना व्हॉट्सअ‍ॅपवर हे सगळं लेखी विचारून घ्या:

१. जीप फक्त आमच्यासाठी आहे की इतरांसोबत? किती जण बसतील? चारच्या वर बसले की मधल्या सीटवरच्याला धड काही दिसत नाही.

२. सांगितलेल्या पैशांत प्रवेश तिकीट धरलंय का? दर माणशी की जीपमागे? डॉलरमध्ये की श्रीलंकन रुपयांत? तिथे 'रुपये' म्हटलं की त्यांचे रुपये, आणि आपला रुपया त्यांच्या एकाहून जास्त रुपयांचा होतो. भाव करताना या एका शब्दावरून गैरसमज होतात.

३. कोणत्या गेटाने आणि कोणत्या ब्लॉकमध्ये नेणार? यालात पलाटुपान हे मुख्य गेट, कटगमुवा दुसरं. ब्लॉक १ म्हणून पैसे घेऊन भलतीकडे नेलं असं व्हायला नको.

४. हॉटेलवरून किती वाजता उचलणार? गेट सकाळी सहाला उघडतं. 'सहाला निघू' म्हणणारा ड्रायव्हर तुम्हाला रांगेच्या शेपटीला नेऊन उभा करणार. पाचच्या सुमाराला निघायची तयारी आहे का ते स्पष्ट विचारा.

५. वन्यजीव विभागाचा ट्रॅकर, म्हणजे माग काढणारा माणूस, सोबत मिळेल का?

६. मिन्नेरियाला जाणार असाल तर: या आठवड्यात हत्ती कोणत्या बाजूला आहेत? प्रामाणिक माणूस लगेच सांगतो, "सध्या कौदुल्ला चांगलं आहे." काहीही विचारलं तरी मिन्नेरियाच म्हणणारा फक्त गाडी भरतोय.

बसल्यावर पहिल्या पाच मिनिटांतच त्याला सांगून टाका: आम्हाला बिबट्याच्या मागे धावायचं नाही, हळू चालव, पक्ष्यांसाठीही थांब, जनावरापासून अंतर ठेव. 'हेमिन यन्न' म्हणजे हळू जा, एवढी सिंहली पुरते. बहुतेक ड्रायव्हर घाई करतात ती पाहुणा नाराज होईल, बक्षीस बुडेल या भीतीने. ती भीती तुम्हीच घालवली की माणूस मोकळा होतो आणि त्याला येणारं रान दाखवायला लागतो.

*तपासा:* अर्धा दिवस की पूर्ण? बिबट्या-अस्वलासाठी विल्पत्तूत पूर्ण दिवस सार्थकी लागतो. यालात पूर्ण दिवसाची खरी किंमत भर दुपारी कळते, कारण सकाळच्या जीपा निघून जातात आणि संध्याकाळच्या यायच्या असतात. मिन्नेरिया-कौदुल्लाला दुपारची फेरी घ्या, कळप तेव्हाच उघड्यावर येतात. दहा वर्षांखालच्या मुलांना पूर्ण दिवस नको.

टप्पा ५: कागद आणि पैसे

निघण्यापूर्वी श्रीलंकेचा ऑनलाइन प्रवास परवाना, म्हणजे ईटीए, सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. नावात साधर्म्य असलेली दलालांची संकेतस्थळं जास्त पैसे उकळतात. नियम आणि शुल्क बदलत असतात, म्हणून मागच्या वर्षी गेलेल्या शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका.

पार्कच्या तिकिटात माणशी प्रवेश, गटामागे सेवाशुल्क, गाडीचं शुल्क आणि वर कर असतो. म्हणून फलकावरचा आकडा आणि पावतीवरचा आकडा जुळत नाही. त्यावरून खिडकीवर हुज्जत घालू नका. सार्क देशांच्या नागरिकांना वेगळा दर लागू आहे का ते मात्र आवर्जून विचारा. त्यासाठी मूळ पासपोर्ट सोबत हवा, मोबाइलमधला फोटो पुरेलच असं नाही. ड्रायव्हर परस्पर तिकीट काढणार असेल तर पावती मागून घ्या.

टप्पा ६: बॅग

आपण पंचेचाळीस अंशांतली माणसं, तिथल्या बत्तीस-तेहतीसने काय होणार, असं वाटतं. पण हवा दमट असते, घाम सुकत नाही आणि पाणी कमी पडतं. माणशी दोन लिटर घरच्या बाटल्यांत भरून घ्या. दुपट्टा न्याच. धुळीत तो कसा गुंडाळायचा हे नागपूरकरांना सांगायला नको.

कपडे मातकट, हिरवट, फिके. आठ पट वाढवणारी ८×४२ ची दुर्बीण एक तरी हवी. मोबाइलवर झूम करून बिबट्या शोधता येत नाही. डासांचं मलम, मळमळीची गोळी, ओला रुमाल. ड्रोन नेऊ नका, राष्ट्रीय उद्यानांत त्याला बंदी आहे. प्लास्टिकच्या पिशव्याही नकोत.

हॉटेलला आदल्या रात्रीच सांगून नाश्ता बांधून घ्या. शाकाहारी असाल तर नीट समजावून सांगा. नारळाच्या सांबोल नावाच्या चटणीतही सुक्या मासळीचा चुरा घालतात, आणि ते घालणाऱ्याला त्यात वावगं वाटत नाही. 'एळवळू', म्हणजे भाजी, हा शब्द उपयोगी पडतो. सोबत थोडा चिवडा आणि दशम्या असल्या की निश्चिंत.

टप्पा ७: आत शिरल्यावर बघायचं कसं

ताडोबात शिकलेलं इथे कामी येतं. चितळ तेच, सांबर तेच, त्यांचे कॉल, म्हणजे धोक्याच्या हाकाही, तेच. चितळ एकदा ओरडलं तर दुर्लक्ष केलं तरी चालेल. पण सांबराचा खणखणीत कॉल एकाच दिशेने पुन्हापुन्हा येत असेल, तर ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगा आणि थांबा. वानर झाडाच्या शेंड्यावर बसून एकटक खाली बघत असेल तर त्याच्या नजरेची रेघ पकडून खाली या.

फरक आहे तो जागेत. वाघाला शोधताना आपण पाणवठा आणि रस्ता बघतो. यालात नजर खडकांवर फिरवा. सकाळचं कोवळं ऊन आणि संध्याकाळची उतरती उन्हं या वेळी बिबट्या खडकाच्या माथ्यावर पसरलेला असतो. खडकाच्या गोलाईत एखादी रेघ चुकीची वाटली तर दुर्बीण लावा. दिवस चढला की झाडं बघा. फांदीवरचा बिबट्या शोधायचा तर आडव्या फांदीखाली उभी लोंबणारी शेपटी शोधा. अंगावरचे ठिपके सावलीत विरघळतात, शेपटी लपत नाही. विल्पत्तूत विल्लूच्या काठची वाळू आणि समोरचा वालुकामय रस्ता, दोन्हींवर लक्ष ठेवा. वाघाची भीती नसल्याने तिथला बिबट्या रस्त्यावर बिनधास्त चालत येतो.

ड्रायव्हरच्या फोनकडे कान असू द्या. कोटिया म्हणजे बिबट्या, अलिया हत्ती, वलहा अस्वल, किंबुला मगर. 'कोटिया' ऐकू आलं आणि गाडी एकदम पळायला लागली की तुम्हीच ठरवा, तिकडे जायचं की याच पाणवठ्यावर थांबायचं. माझं मत थांबण्याच्या बाजूचं आहे. सगळ्या जीपा एका कोपऱ्यात गेल्या की बाकीचं रान शांत होतं आणि जनावरं रस्त्यावर येतात.

*थांबा:* ठरवून दिलेली विश्रांतीची जागा सोडली तर जीपमधून उतरायचं नाही. यालात पटनंगल किनाऱ्यावर उतरता येतं. तिथे २००४ च्या त्सुनामीत गेलेल्यांचं स्मारक आहे. पाण्यात मात्र शिरू नका.

टप्पा ८: हत्तीसमोर

विदर्भातल्या जंगलप्रेमींना वाघासमोर गप्प बसता येतं. रानहत्तीची सवय आपल्याला नाही. गडचिरोलीत २०२१ पासून हत्तींचा कळप आला आहे, पण सफारीत हत्ती बघायची आपल्याकडे रीत नाही. मनात हत्ती म्हणजे गणपतीबाप्पा, नाहीतर देवळाच्या दारात सोंड डोक्यावर ठेवणारा. श्रीलंकेच्या रानात माणसाला खरा धोका बिबट्यापासून कमी आणि हत्तीपासून जास्त असतो.

आधी एक गैरसमज काढून टाका. सुळे नाहीत म्हणजे मादी, हे तिथे चालत नाही. श्रीलंकेतल्या नरांपैकी शंभरात दहांनाही सुळे नसतात. एकटा, डोकं रुंद, सोंडेचं मूळ जाड असा बिनसुळ्यांचा हत्ती दिसला तर तो नर समजा. डोळा आणि कान यांच्यामध्ये काळपट ओला ओघळ असेल तर तो माजावर आहे. ड्रायव्हरला लगेच मागे घ्यायला सांगा.

निवांत हत्ती कसा खातो ते नीट बघून घ्या. सोंडेने गवताचा झुबका धरतो, पुढच्या पायाच्या नखाने मुळाशी ठोकर मारतो, उपटलेला झुबका पायावर आपटून माती झाडतो आणि मग तोंडात घालतो. कान सावकाश हलत असतात, शेपटी झुलत असते. ही लय चालू आहे तोवर सगळं ठीक. झुबका सोंडेत तसाच राहिला, कान पसरून ताठ झाले, डोकं वर गेलं, किंवा पुढचा पाय हवेत झुलायला लागला, की त्याला तुमची जवळीक नको आहे. त्या क्षणी फोटो सोडा. आवाज नाही, उभं राहणं नाही, फ्लॅश नाही. इंजिन चालू, गाडी हळू मागे. कळपात पिल्लू असेल तर आई आणि पिल्लू यांच्यामध्ये जीप कधीच जाऊ देऊ नका, ड्रायव्हर कितीही म्हणाला तरी.

केळी देऊ नका. उडवालावेच्या रस्त्याकडेला विजेच्या कुंपणाआड हत्ती उभे दिसतात, ते येणाऱ्या-जाणाऱ्यांनी खाऊ घालूनच तिथे थांबायला शिकलेत. देणाऱ्याच्या मनातला भाव चांगला असला तरी त्या केळ्यांनी हत्ती कुंपण ओलांडतो, शेतात आणि गाड्यांवर येतो, आणि शेवटी त्यात हत्तीही मरतो आणि माणूसही. लांबून हात जोडा, तेवढं पुरे.

टप्पा ९: हॉर्टन प्लेन्सला चालायचं असेल तर

इथे जीप आत फिरत नाही, चालावं लागतं. वाट सुमारे नऊ किलोमीटरची आणि गोलाकार. 'वर्ल्ड्स एंड'चा कडा साडेआठशे मीटरहून खोल आहे, पण नऊ-दहानंतर धुकं चढलं की समोर फक्त पांढरं दिसतं. म्हणून सहाच्या आसपास गेटावर पोचा आणि कड्याकडे आधी जा, धबधबा नंतर. पहाटे चांगलीच थंडी असते. स्वेटर न नेलेल्या नागपूरकरांची तिथे फजिती होते. बुटांना पकड हवी. गेटावर पिशव्या तपासून प्लास्टिक काढून घेतात. वाहनतळापाशी सांबर माणसांत येऊन उभी राहतात, त्यांना बिस्किट देऊ नका.

टप्पा १०: गेटाबाहेर पडल्यावर

सफारी सहाला संपते, आणि आता धोका संपला असं वाटतं. हबरणा, उडवालावे आणि कतरगमच्या आसपास खरी काळजी अंधार पडल्यावर घ्यायची असते, कारण हत्ती रस्त्यावर येतात. म्हणून संध्याकाळच्या सफारीनंतर लगेच दुसऱ्या गावी निघायचा बेत करू नका. त्याच गावात झोपा, सकाळी निघा.

तिस्सला आलेले बरेच जण कतरगमला कार्तिकेयाच्या दर्शनाला जातात. जुलै-ऑगस्टच्या यात्रेत तिथे खोल्या मिळत नाहीत, तेव्हा तिस्सचं आधीच पक्कं करा. एलाहून बुत्तल-कतरगम रस्त्याने येणार असाल तर उजेडातच या. त्या रस्त्यावर खाण्याच्या आशेने गाड्या अडवणारे हत्ती आहेत. फळांच्या पिशव्या सीटवर ठेवू नका, डिकीत टाका. काचा बंद ठेवा. समोर हत्ती दिसला तर लांबच थांबा. हॉर्न नको, दिवे मंद करा, मागच्या गाडीला हाताने खूण करा आणि तो बाजूला होईपर्यंत वाट बघा. तो तुमच्याकडे चालत येऊ लागला तर गाडी मागे घ्या. बाजूने निसटून जायचा प्रयत्न करू नका, आणि ड्रायव्हरलाही करू देऊ नका.